कडेचा शिक्का: विसाव्या शतकातल्या जपानी छापचित्रांची पार्श्वभूमी

जपानी लाकडी ठशांचं छापचित्र हातात आलं की आधी चित्राभोवतीचा कोरा कागद पाहावा. चित्रावर लिहिलेलं साल बहुधा रेखाटनाचं असतं. ठसे शाबूत असतील तर चित्रकार वारल्यावरही छपाई होत राहते, त्यामुळे हातातली प्रत कधीची, ते त्या सालावरून कळत नाही; ते बहुधा कोऱ्या कडेवरच्या शिक्क्यावरून ठरवावं लागतं.

याचं मूळ कामाच्या जुन्या वाटणीत आहे. चित्रकार रेखाटन करी. कोरणारा डोंगरी चेरीच्या फळ्यांवर रंगागणिक वेगळा ठसा काढी. छपाई करणारा ओलसर कागद ठशावर ठेवून पाठीमागून बांबूच्या सोपटात बांधलेल्या ‘बारेन’ या गोल गादीने घासी. पैसा प्रकाशकाचा, म्हणून ठसेही त्याचेच. ही मोडकळीला आलेली घडी शोझाबुरो वातानाबे या प्रकाशकाने १९१५ च्या सुमारास ‘शिन-हांगा’ (नवी छापचित्रं) या नावाने पुन्हा बसवली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याचे ठसे आणि साठा जळून गेला. भूकंपाआधीच्या प्रती दुर्मीळ आहेत त्या यामुळे.

त्याच्याकडचे चित्रकार हासुई कावासे यांची छत्री सावरत बर्फातून जाणारी माणसं अनेकांना संग्रहाकडे ओढतात. त्यांच्या प्रतींवर पट्टी लावून वातानाबेचा शिक्का मोजावा: ६ मिलिमीटरचा गोल शिक्का साधारण १९४६ ते १९५७ मधला, ७ मिलिमीटरचा त्यानंतरचा. दुसरे चित्रकार हिरोशी योशिदा यांनी १९२५ पासून स्वतःची कार्यशाळा चालवली. १९३०-३१ च्या भारतदौऱ्यानंतर त्यांनी अजिंठाही छापला. त्यांच्या चित्राच्या कडेला ‘जिझुरी’ (स्वतः छापलेलं) शिक्का असेल तर छपाई त्यांच्या देखरेखीखालची.

शहरातलं रोजचं जगणं मात्र दुसऱ्या वाटेने आलं. रेखाटन, कोरणं, छपाई सगळं एकाच हाताने, असं मानणारे ‘सोसाकू-हांगा’वाले (सर्जनशील छापचित्रंवाले). त्यातल्या आठ जणांनी भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या टोकियोची शंभर चित्रं १९३२ पर्यंत पूर्ण केली; प्रत्येक चित्राच्या प्रती जेमतेम ५०. सेन्पान माएकावा यांनी त्यात भुयारी रेल्वे आणली, जी टोकियोत १९२७ च्या डिसेंबरातच सुरू झाली होती. खरेदीत चूक होते ती इथे. १९४५ च्या डिसेंबरात हरवलेल्या टोकियोचा १५ चित्रांचा संच निघाला आणि त्यात यातलेच काही विषय नव्याने कोरले गेले. म्हणून वर्णनातलं नुसतं नाव जुळणं पुरेसं नाही. माप आणि रेषा दोन्ही ताडून पाहाव्यात.

प्रत पालथी करून तिरप्या उजेडात धरा. बारेनच्या गोलसर खुणा आणि पाठीपर्यंत मुरलेला रंग दिसायला हवा. भिंगाखाली एकसारखे ठिपके दिसले तर ती यंत्रावरची नक्कल. फ्रेममध्ये बसवण्यासाठी कडा कापलेल्या असतील तर शिक्काही गेला आणि काळ ठरवण्याचा पुरावाही. आम्लयुक्त पुठ्ठा कागदावर तपकिरी चौकट उमटवतो, चिकटपट्टीचा डाग सहसा निघत नाही आणि उन्हात जांभळा-गुलाबी रंग लवकर उडतो. आकाशाची हलकी होत गेलेली छटा, ‘बोकाशी’, मुळातलीच आहे की विटलेली, हे फ्रेमखाली झाकल्या गेलेल्या पट्टीशी ताडून पाहिलं की लगेच कळतं.