छप्पन्न सामने आणि पाचशे अकरा विजय

१७ जुलै १९४१. क्लीव्हलंडच्या मैदानावर रात्रीचा बेसबॉल सामना, ६७ हजारांवर प्रेक्षक. न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओने तिसऱ्या बेसच्या (फलंदाजाने धावत गाठायच्या टप्प्याच्या) रेषेलगत दोनदा सणसणीत फटके मारले आणि दोन्ही वेळा क्लीव्हलंडचा क्षेत्ररक्षक केन केल्टनर याने चेंडू उलट्या हाताने अडवून त्याला बाद केलं. त्या रात्री डिमॅजिओला एकही हिट, म्हणजे सुखरूप बेसवर पोचवणारा फटका, मिळाली नाही. त्याआधी, १५ मेपासून सलग ५६ सामन्यांत, असा एकही सामना गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सुरुवात केली आणि आणखी १६ सामने हिट मिळवत राहिला. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनच्या ९९.९४ ला जो मान, तो बेसबॉलमध्ये या ५६ ला आहे. न मोडणाऱ्या विक्रमांची यादी कुणीही केली की हा आकडा बहुतेक वेळा पहिल्या ओळीत असतो.

त्याच यादीत साय यंग या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, ५११ विजयही असतात. पण हे दोन विक्रम एका जातीचे नाहीत. एकाच्या आड संभाव्यतेचं गणित उभं आहे, दुसऱ्याच्या आड माणसाचं कोपर.

आधी गणित पाहू. फलंदाजाने चेंडू टोलवला आणि क्षेत्ररक्षकाची चूक नसताना तो सुखरूप बेसवर पोचला, तर ती हिट. दहा प्रयत्नांत तीन हिट मिळवणारा, म्हणजे ०.३०० सरासरीचा फलंदाज उत्तम समजला जातो. त्याला सामन्यात चार संधी मिळतात असं धरू. चारही वाया जाण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, सुमारे २४ टक्के. म्हणजे एका सामन्यात निदान एक हिट मिळण्याची शक्यता ७६ टक्के. वाटायला ती भरपूर वाटते. पण हाच आकडा स्वतःशी ५६ वेळा गुणला की उत्तर येतं सुमारे ४८ लाखांत एक. आता सरासरी ०.३५० करून पाहा. शक्यता एकदम ६० हजारांत एक होते. सरासरी जेमतेम सहाव्या हिश्शाने वाढली आणि शक्यता ऐंशी पटींनी. लांबलचक मालिकांचं हे वैशिष्ट्यच आहे: रोजच्या कामगिरीतला बारीकसा फरक शेवटी अवाढव्य होऊन बसतो.

हा हिशेब एका ठरावीक सामन्यापासून सुरू होणाऱ्या मालिकेचा आहे. प्रत्यक्षात हजारो फलंदाज वर्षानुवर्षं रोज नवी सुरुवात करत असतात, त्यामुळे कुणा ना कुणाच्या हाती अशी मालिका लागण्याची शक्यता खूपच जास्त. २००८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या सॅम्युएल आर्ब्समन आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी खऱ्या खेळाडूंचे आकडे घेऊन बेसबॉलचा सगळा इतिहास संगणकावर १०,००० वेळा नव्याने खेळवला. प्रत्येक इतिहासातली सर्वांत लांब मालिका त्यांनी नोंदवली. सर्वांत तोकडी ३९ सामन्यांची निघाली, सर्वांत लांब १०९ ची, आणि दोन तृतीयांश वेळा ती ५० ते ६४ च्या दरम्यान होती. म्हणजे ५६ च्या आसपासचा विक्रम कुणाच्या तरी नावावर असणं हे अजिबात आश्चर्याचं नव्हतं. तो डिमॅजिओच्या नावावर असणं मात्र दुर्मीळ. अनेक कल्पित इतिहासांत तो मान एकोणिसाव्या शतकातल्या फलंदाजांकडे गेला. मला हा निष्कर्ष फार सुंदर वाटतो. त्याने डिमॅजिओची उंची कमी होत नाही, पण ५६ या आकड्याभोवतीचं अशक्यतेचं वलय विरतं.

साय यंगची गोष्ट निराळी. तो १८९० ते १९११ खेळला आणि पिचर म्हणून ५११ सामने जिंकला; बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर मांडला जातो. वर्षाला २५ विजय अशा वेगाने वीस वर्षं खेळलं तरी बेरीज ५०० होते. आणि एका हंगामात २५ विजयांचा टप्पा शेवटचा ओलांडला गेला १९९० मध्ये, बॉब वेल्चकडून. आज सामन्याची सुरुवात करणारा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो, हंगामात फार तर ३२-३३ वेळा. यंगने ७४९ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. आता तीसही संघांचे मिळून असे सामने हंगामात चाळीसही होत नाहीत.

याचं कारण शरीरात आहे. ताशी १५० किलोमीटरने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला सेकंदाचे चार दशांश पुरतात, आणि तो वेग काढताना पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर एवढा पीळ पडतो की तो एकटा ते ओझं पेलू शकत नाही; भोवतालचे स्नायू बराच भार घेतात म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की धोका वाढतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, आणि आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. पूर्ण ताकदीने थोडं टाकायचं आणि ताज्या हाताला जागा द्यायची, ही आताची रीत आहे. ती बदलली नाही तर कितीही प्रतिभावान पिचर जन्मला तरी त्याला ५११ गाठायला पुरेसे सामनेच मिळणार नाहीत.

‘कधीच नाही’ हे शब्द सांभाळून वापरायला हवेत, हेही खरं. लू गेरिग एकही सामना न चुकवता सलग २,१३० सामने खेळला; तो विक्रमही असाच अढळ मानला जाई. १९९५ मध्ये कॅल रिपकनने तो आकडा ओलांडला आणि २,६३२ वर थांबला.

मग ५६ कुणी मोडावा? पीट रोझ १९७८ मध्ये ४४ पर्यंत पोचला होता. त्यानंतर चाळिशीही कुणी गाठलेली नाही. हल्लीचे फलंदाज लांब फटक्याच्या मागे लागून फार वेळा चेंडू हुकवतात. डिमॅजिओने १९४१ च्या हंगामात ३० होमरन (सहसा चेंडू थेट सीमेपार धाडणारे फटके) मारले आणि स्ट्राइकआउट झाला, म्हणजे चेंडू हुकवून किंवा चांगला चेंडू सोडून बाद झाला, फक्त १३ वेळा. त्याच वर्षी टेड विल्यम्सची सरासरी ०.४०६ होती, डिमॅजिओपेक्षा बरीच सरस. पण तो वाईट चेंडू सोडून देई आणि त्याला फुकट बेस मिळत. संघासाठी ते उत्तमच, मात्र हिट मिळवण्याच्या संधी त्यात खर्च होतात. मालिकेसाठी हवा भराभर बॅट फिरवणारा आणि क्वचित हुकणारा खेळाडू. लुइस अराएझ त्या वळणाचा: २०२३ मध्ये सरासरी ०.३५४ आणि अख्ख्या हंगामात स्ट्राइकआउट केवळ ३४. रोज चार संधी धरल्या तर त्या सरासरीला ५६ ची शक्यता सुमारे ४५ हजारांत एक येते; पाच धरल्या तर ८०० त एक. रोज पाच कुणालाच मिळत नाहीत, पण क्रमात सर्वांत आधी खेळणाऱ्याला इतरांपेक्षा जास्त मिळतात.