कॅच की स्नॅग? ग्यानबाची मेख आणि शिंकलेली माशी

एखादं सॉफ्टवेअर वर्षभर फुकट मिळतं, पण नोंदणी करतानाच कार्डाचा नंबर द्यावा लागतो आणि तेराव्या महिन्यापासून न विचारता पैसे कापले जातात. याला इंग्रजीत ‘कॅच’ म्हणतात. तेच सॉफ्टवेअर संगणकावर घालायला घेतलं, निम्मं काम झालं आणि ऑपरेटिंग सिस्टिम जुनी निघाल्यामुळे पुढे सरकेना, तर तो ‘स्नॅग’. शब्दकोश दोन्ही शब्दांपुढे ‘छुपी अडचण’ एवढंच लिहून मोकळे होतात, म्हणून लिहिताना एकाच्या जागी दुसरा सर्रास पडतो.

खरं तर हा फरक मराठीत आधीच आहे. कॅच म्हणजे ग्यानबाची मेख. वरवर सगळं छान दिसतं, पण आत कुठेतरी एक अट ठोकून ठेवलेली असते. स्नॅग म्हणजे सुरळीत चाललेल्या कामात माशी शिंकणं. वाक्य आधी मराठीत मनात म्हणून पाहावं. ‘यात काहीतरी मेख आहे’ असं तोंडात आलं तर कॅच, ‘इथे माशी शिंकली’ असं आलं तर स्नॅग. दहापैकी आठ-नऊ वेळा ही कसोटी पुरते.

स्नॅग शब्दाचं मूळ पाहिलं की तो कायमचा लक्षात राहतो. झाडाचा तुटका, टोकदार खुंट हा त्याचा जुना अर्थ. अमेरिकेत मिसिसिपीसारख्या नद्यांत काठावरची झाडं उन्मळून पडत, त्यांचं एक टोक तळाच्या गाळात रुतून बसे आणि दुसरं पाण्याच्या पृष्ठभागाखाली दडलेलं राही. वाफेच्या बोटींचे लाकडी तळ त्यावर आदळून फाटत. हे ओंडके उपसून काढण्यासाठी हेन्री श्रीव्ह यांनी 1829 साली ‘हेलिओपोलिस’ नावाची खास बोट पाण्यात उतरवली होती. ‘हिट अ स्नॅग’ या प्रयोगातला ‘हिट’ या चित्राशी नेमका जुळतो. बोट निघालेली आहे, वेगात आहे, आणि वाटेत काहीतरी लागतं. ते कोणी मुद्दाम ठेवलेलं नसतं. ओंडका काढला की बोट पुन्हा चालते, म्हणूनच स्नॅगमध्ये ‘सुटण्याजोगी अडचण’ ही छटा आहे. इमारत जवळपास पूर्ण झाल्यावर न लागणारं दार, गिलाव्यातली चीर, सैल नळ अशा किरकोळ उणिवांची यादी करतात, तिला ‘स्नॅग लिस्ट’ म्हणतात. पाया खचला असेल तर ते या यादीत लिहायचं प्रकरण नाही.

कॅच मात्र वाटेत नसतो, तो देऊ केलेल्या गोष्टीतच असतो. म्हणून त्याच्याशी ‘हिट’ किंवा ‘फेस’ ही क्रियापदं जुळत नाहीत. ‘वुई हिट अ कॅच’ हे इंग्रजी नव्हे. कॅच नुसता ‘असतो’: ‘देअर इज अ कॅच’, ‘द कॅच इज दॅट...’ आणि पुढे पूर्ण वाक्य. प्रश्नही ठरलेला, ‘व्हॉट्स द कॅच?’ तो होकार देण्याआधी विचारतात. स्नॅग बहुधा काम सुरू झाल्यावर कळतो.

अडतं ते उरलेल्या एक-दोन वेळांना. ब्रिटिश बोलण्यात ‘द ओन्ली स्नॅग इज दॅट...’ असं म्हणून एखाद्या बेताची उणीव आधीच सांगतात, आणि तिथे दोन शब्द अगदी जवळ येतात. तरी सूर वेगळा राहतो. वरच्याच उदाहरणात जुन्या सिस्टिमवर सॉफ्टवेअर चालत नाही हे कंपनीने बारीक अक्षरांत आधीच छापलं असेल, तर चिडलेला ग्राहक त्यालाच कॅच म्हणेल. वस्तुस्थिती तीच, पण ‘तुम्हाला ठाऊक होतं’ हा आरोप शब्दातून आला. कॅचमध्ये दरवेळी लबाडी असतेच असं नाही, संशय मात्र असतो. म्हणून वरिष्ठांना किंवा ग्राहकाला पत्र लिहिताना त्यांच्या योजनेतल्या अडचणीला कॅच म्हणू नये. स्नॅग म्हटलं की दोष कोणाच्याच माथी जात नाही.

‘कॅच-22’ हे आणखी वेगळं. 1961 सालच्या त्याच नावाच्या अमेरिकन कादंबरीतून हा प्रयोग आला. तिथला नियम असा: वेड लागलेल्या वैमानिकाला उड्डाणातून सूट मिळते, पण ती मागावी लागते, आणि मागितली की तो शहाणा ठरतो. दोन्हीकडून कोंडी करणाऱ्या अटीलाच हे नाव शोभतं. साध्या छुप्या अटीला कॅच-22 म्हणणं चूक.

जवळचे इतर शब्द थोडक्यात. ‘हिच’ स्नॅगहूनही हलका असतो, आणि तो जास्त करून नकारात भेटतो: समारंभ ‘विदाउट अ हिच’ पार पडला. ‘पिटफॉल’ मुळात जनावर पकडण्यासाठी खणून झाकलेला खड्डा. हा शब्द नवख्याला सावध करताना, बहुधा अनेकवचनात वापरतात. ‘ड्रॉबॅक’ लपलेला असावा लागत नाही. तो उघड तोटा. ‘ड्युटी ड्रॉबॅक’ मात्र चक्क फायद्याचा: आयात केलेल्या कच्च्या मालावर भरलेलं शुल्क, त्यापासून बनवलेला माल निर्यात झाल्यावर परत मिळतं, ते हे.

दोन्ही शब्दांना चांगली बाजूही आहे, आणि भाषांतरात ती निसटते. ‘गुड कॅच’ म्हणजे नजरेतून सुटणारी चूक कोणीतरी वेळेत पकडली, त्याची शाबासकी. ‘ही स्नॅग्ड अ सीट’ म्हणजे त्याने चपळाईने जागा पटकावली. इथे अडचण शोधू नये. आणि बातम्यांच्या मथळ्यांत ‘टॉक्स हिट स्नॅग’ असं दिसलं, तरी स्वतःच्या वाक्यात ‘अ’ गाळू नये. मथळ्यात तो जागा वाचवण्यासाठी काढलेला असतो.