एन्लार्जरचा भाव कागदावर ठरतो

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतले जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तसं माळ्यांवरचं सामान खाली येऊ लागलं. त्यात कधी कधी एक यंत्र निघतं: उभा लोखंडी खांब, त्यावर वरखाली सरकणारी पेटी, खाली जाड लाकडी पाट. ज्यांच्या घरी फोटो स्टुडिओ होता त्यांना ते लगेच ओळखू येतं. फोटो मोठा करून छापायचा एन्लार्जर. मग प्रश्न येतो, याचे किती येतील? भंगारवाला वजनावर बोलतो, त्याच यंत्राला इंटरनेटवर कुणी चांगले पैसे मागत असतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

एकाच वस्तूच्या किमतीत एवढी तफावत का, याचं उत्तर यंत्रात शोधून सापडत नाही. एन्लार्जर मुळात साधा आहे. वर दिवा, मध्ये निगेटिव्ह, खाली लेन्स. पन्नास वर्षांत त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. त्याची किंमत चढली आणि उतरली ती त्याच्याखाली ठेवायच्या, उजेड पडला की चित्र धरणाऱ्या कागदामुळे. हा कागद कुठून येतो, किती येतो आणि पुढेही येत राहणार का, यावर डार्करूमच्या, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतल्या, सगळ्या सामानाचा भाव ठरत आला आहे.

बडोद्याचं या विषयाशी नातं जुनं आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 साली इथे कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था सुरू झाली आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्राचार्य होते. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके इथे शिकायला आले ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेमधून. कॅमेऱ्याचा नाद त्यांना इथेच लागला. त्यांची आवड पाहून गज्जरांनी त्यांना छपाईसाठी तीन रंगांचे ब्लॉक करणं, फोटोलिथो (फोटोवरून दगडी छपाई) आणि डार्करूममधली छपाई शिकायला रतलामला पाठवलं. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, नंतर बडोद्यातही करून पाहिला. इथे तो चालला नाही. कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपट 1913 साली आला. पण निगेटिव्हवरून प्रत काढण्याचं जे तंत्र त्यामागे होतं, त्याचा अभ्यास फाळक्यांनी त्याआधी कितीतरी वर्षं केला होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण फाळक्यांची आठवण निघते तेव्हा कलाभवनाचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो.

त्या काळच्या डार्करूममध्ये विकण्यासारखं काय असायचं? फारच थोडं. निगेटिव्ह काचेची, आणि बहुतेक वेळा जेवढी काच तेवढाच फोटो. काच कागदाला चिकटवून चौकटीत घालायची आणि उन्हात धरायची. चौकट सुतार करून देई, ट्रे बाजारात मिळत, लाल काचेचा कंदील घरीही जमवता येई. पैसा जायचा तो परदेशातून येणाऱ्या काचा, कागद आणि रसायनांवर.

1925 साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि 35 एमएमची फिल्म रूढ होऊ लागली, तेव्हा चित्र पालटलं. 24 बाय 36 मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून तेवढाच फोटो काढून उपयोग काय? एन्लार्जर आवश्यक झाला. जर्मनीत लाइट्झचा फोकोमॅट, इटलीत ड्युर्स्ट, चेकोस्लोव्हाकियात मेओप्टाचा ओपेमस अशी नावं पुढच्या काही दशकांत तयार झाली आणि त्यांतली काही भारतातल्या स्टुडिओंत पोचली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. बाहेरचा माल परवान्यावर यायचा किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. त्यामुळे वापरलेला एन्लार्जरही सहज स्वस्त होत नसे. धंदा बंद करणाऱ्याच्या यंत्राला धंदा सुरू करणारा गिऱ्हाईक म्हणून मिळायचाच. याच काळात आपल्या शहराने देशाला एक कॅमेरा दिला. अॅग्फाचा क्लिक थ्री बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीत तयार होत असे. 120चा रोल, त्यावर 6 बाय 6 सेंटिमीटरचे 12 फोटो. कित्येक मराठी घरांतल्या मुंजी, सहली आणि अंगणातले फोटो या डब्यातून आले. निगेटिव्ह मोठी असल्याने तिची थेट प्रत काढून अल्बममध्ये लावता यायची, आणि त्यातला एखादा आवडला की स्टुडिओत जाऊन ‘मोठा करून द्या’ म्हणायचं. हे मोठं करून देणं हेच कित्येक लहान स्टुडिओंचं उत्पन्न होतं.

कागदाची ओढाताण कमी व्हावी म्हणून सरकारने 1960 साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स काढली. 1967 पासून तिथला माल येऊ लागला. ‘इंदू’ हे त्या मालाचं नाव त्या पिढीच्या प्रत्येक फोटोग्राफरला माहीत आहे. देशी कागद असल्याने लहान गावातल्या डार्करूमलाही आधार मिळाला.

इथे चांदीचाही हिशेब येतो. फिल्म आणि फोटो छापायचा ब्रोमाइड कागद दोन्हींवर चांदीचे क्षार असतात. जानेवारी 1980मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला 50 डॉलरच्या आसपास गेली आणि जगभर फिल्म-कागद महागले. उलट बाजूने डार्करूमचं सांडपाणीही विकलं जायचं. चांदीचे क्षार हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणात, विरघळतात, हे जॉन हर्शेलने 1819 सालीच दाखवलं होतं. वापरलेल्या हायपोत ती चांदी उतरते, म्हणून स्टुडिओ आणि एक्स-रे काढणाऱ्यांकडून तो विकत घेणारे लोक असत. डार्करूमच्या पुनर्विक्रीचा हा भाग आता कुणाच्या ध्यानीही नाही.

एक वेगळी वाट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेने धरली. ती 1950 साली सुरू झाली. तिथले चित्रकार आणि मुद्राचित्रकार ज्योती भट्ट यांनी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरातच्या खेड्यांतल्या भिंतींवरची, अंगणातली लोककला कॅमेऱ्यात टिपली. अशा कामात प्रिंट ही कलाकृती असते, गिऱ्हाइकाला द्यायची प्रत नव्हे. आज डार्करूमचं सामान विकत घेणारा माणूस बहुतेक याच वाटेवरचा असतो, म्हणून मी हे नोंदवतो.

स्टुडिओंची डार्करूम मात्र डिजिटल येण्याआधीच मोडली होती. 1970च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या नोरित्सू कंपनीने दुकानात मावेल असं रंगीत छपाईचं यंत्र आणलं आणि पुढच्या वर्षांत कलर लॅब आपल्याकडे चौकाचौकांत दिसू लागल्या. कृष्णधवल काम पासपोर्ट फोटोपुरतं उरलं, मग तेही गेलं. त्यानंतर खरा घाव बसला. 2004 साली कृष्णधवल फिल्म आणि कागद बनवणाऱ्या इंग्लंडच्या इल्फर्डवर दिवाळखोरीची वेळ आली. 2005मध्ये अॅग्फाफोटो बुडाली आणि त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल कागद बंद करत असल्याचं जाहीर केलं. एन्लार्जर जसाच्या तसा होता, पण उद्या कागद मिळेल का हे कुणी सांगू शकत नव्हतं. जाणकारांनीही याच वर्षांत चांगली यंत्रं वजनावर घालवली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

कागद मात्र संपला नाही. इल्फर्ड तिथल्याच व्यवस्थापकांनी हार्मन नावाने चालवायला घेतली, आणि चेक प्रजासत्ताकातली फोमा ही कागद बनवणारी कंपनीही टिकली. नवे एन्लार्जर बनवणारे जवळजवळ उरले नव्हते, म्हणून जुन्यांकडे पुन्हा नजर वळली. गंमत म्हणजे रंगीत छपाईसाठी घेतलेली, पिवळ्या आणि किरमिजी फिल्टरांची चक्रं असलेली एन्लार्जरची डोकी (दिव्याचा वरचा भाग) आता कृष्णधवलसाठी मागितली जातात. मल्टिग्रेड कागदावर याच दोन फिल्टरांनी कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, कमीजास्त करता येतो, वेगवेगळ्या ग्रेडच्या कागदांची पाकिटं बाळगावी लागत नाहीत.

सध्याच्या बाजारात लेन्स वेगळी आणि यंत्र वेगळं असं झालं आहे. एल-निक्कोर, कोम्पोनॉन, रोडागॉन या एन्लार्जरच्या लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर चढवून अगदी जवळून फोटो काढणारे लोक घेतात, त्यामुळे सुटी लेन्स आधी जाते आणि उरलेला सांगाडा भंगारात. बडोद्याच्या पावसाळी हवेत लेन्सला बुरशी धरते, लेन्सच्या वरचा घडीचा भाता चिरतो. त्यात तळमजल्यावरच्या सामानाला विश्वामित्रीच्या पुराची भीती. ऑगस्ट 2024 अजून कुणी विसरलेलं नाही. आणि विकणाऱ्याच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे निगेटिव्ह धरायची चौकट. ती हरवली की धड यंत्रही पडून राहतं, कारण प्रत्येक कंपनीची चौकट निराळी. फोकोमॅटच्या बाबतीत लेन्स काढणं तर आणखी महाग पडतं. डोकं वरखाली केलं की फोकस आपोआप जुळतो, आणि ती जुळणी त्याच एका लेन्सवर बेतलेली असते. दुसरी लावली की ती सगळी नव्याने करावी लागते.