घोरणाऱ्या माणसाशेजारी झोपताना
(उशी घेण्याआधी वाचा)

उशी घ्यायला येणारे बरेच ग्राहक जरा घुटमळून विचारतात, "घोरणं बंद होईल अशी एखादी उशी आहे का हो?" विचारणारी व्यक्ती बहुधा स्वतः घोरत नसते. शेजारी झोपून तिच्या झोपेचं खोबरं झालेलं असतं. हे पत्रक तिच्यासाठी आहे.

सरळ उत्तर आधीच देतो. घोरणं मुळापासून बंद करेल अशी उशी आमच्याकडे नाही आणि इतर कुठे मिळेल असंही आम्हाला वाटत नाही. योग्य उशीने आणि कूस बदलल्याने बऱ्याच जणांचा आवाज कमी होतो. काही घरांत मात्र उशीच्या आधी डॉक्टर गाठायला हवेत. तुमचं घर यातलं कोणतं, हे तुमच्या कानांनाच कळेल, कारण घोरणाऱ्याला स्वतःच्या रात्रीचा पत्ताच नसतो.

आवाज येतो कुठून

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते, श्वासाची वाट चिंचोळी होते. त्यातून हवा जाताना हे मऊ भाग थरथरतात आणि आवाज होतो. माणूस उताणा असला की जीभ स्वतःच्या वजनानेच मागे पडते, म्हणून तेव्हा आवाज जास्त. रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर स्नायू आणखी ढिले पडतात. वाढलेलं वजन, चोंदलेलं नाक, नाकाचं वाकडं हाड यांनीही भर पडते. "घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय" हा समज मनातून काढून टाका. खूप घोरणाऱ्या अनेकांची झोप रात्रभर तुटत असते.

बायकाही घोरतात, पाळी गेल्यानंतर तर जास्तच, पण लाजेपोटी त्या हे डॉक्टरांकडेही बोलत नाहीत. गरोदरपणात नव्याने घोरणं सुरू झालं तर पुढच्या तपासणीला ते जरूर सांगा. त्याचा वाढत्या रक्तदाबाशी संबंध असू शकतो.

घोरणं मध्येच थांबतं का?

पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. एका लयीत चाललेलं घोरणं त्रासाचं असतं, पण सहसा धोक्याचं नसतं. काहींचं घोरणं मात्र अचानक थांबतं. छाती-पोट हलताना दिसतं, पण नाकातोंडातून हवा जात नाही. मग गुदमरल्यासारखा आचका बसतो आणि घोरणं परत सुरू होतं. शेजारी जागं असलेल्याला त्या शांततेत वाटतं, "थांबलं एकदाचं!" काळजी करायची ती नेमकी त्याच शांततेची. त्या वेळी घसा पूर्ण मिटलेला असू शकतो.

याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला की एक खंड मोजतात, आणि श्वास फार उथळ झाला तर तोही धरतात. तासाला असे 5 ते 15 खंड म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र आजार. दर खंडाला रक्तातला ऑक्सिजन उतरू शकतो आणि हृदयावर ताण येतो. उपचार न झाल्यास रक्तदाब चढतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. रोज गाडी चालवणाऱ्याला तर स्टिअरिंगवरच डुलकी लागू शकते. घरात कुणी ट्रक, एसटी किंवा रिक्षा चालवत असेल तर एवढ्या एका कारणासाठी तपासणी करून घ्या.

आणखी खुणा बघा. सकाळी डोकं जड आणि तोंड कोरडं, रात्री लघवीसाठी वारंवार उठणं, दुपारी बोलता बोलता डोळा लागणं. मानेचा घेरही मोजा. पुरुषांत 17 इंच आणि बायकांत 16 इंच किंवा त्याहून जास्त घेर असेल तर शक्यता वाढते. शर्टाच्या कॉलरचा नंबर बघितला तरी अंदाज येतो.

फोनवर दोन-चार मिनिटांचं चित्रण करून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ते टाकू नका. चेष्टा झाली की माणूस तपासणीला जायचं टाळतो. विषयही मध्यरात्री हलवून उठवून काढू नका. सकाळी चहाच्या वेळी शांतपणे सांगा, आणि "तुम्ही किती घोरता" यापेक्षा "रात्री तुमचा श्वास थांबतो, मला भीती वाटते" असं सांगा.

तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीच्या विकारांचे डॉक्टर सुचवतात. एक रात्र बोटाला चिमटा, नाकाशी नळी आणि छाती-पोटाला पट्टे लावून झोपायचं असतं. काही जणांना हे घरीही करता येतं. आजार निघालाच तर सीपॅप नावाचं मशीन मास्कमधून हलक्या दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपचार जगापुढे मांडला. या मशीनचा आवाज घोरण्यापुढे काहीच नाही. सौम्य त्रासात दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारं उपकरणही बनवून देतात.

लहान मूल रोज घोरत असेल तर उशी बदलत बसू नका. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उशी काय करू शकते

श्वासात खंड नसेल, तर कुशीवर झोपवणं हा पहिला उपाय. कुशीवर झोपल्यावर मान सरळ राहील इतकी, म्हणजे साधारण खांद्याच्या रुंदीएवढी, उशी उंच हवी. उताणं वळू नये म्हणून पाठीशी घरातला लोड लावा. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. आमच्याकडून काही विकत घेण्याआधी ती करून बघा.

दोन-तीन उशा एकावर एक रचू नका. त्याने मान पुढे दुमडते, हनुवटी छातीला टेकते आणि वाट आणखी आवळते. उंची हवी तर कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारी उतरती उशी हवी, म्हणजे सगळी पाठ उचलली जाते. नाक कायम चोंदत असेल तर जुन्या गादीतल्या धूळकिड्यांचाही संशय घ्या. अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गादीला कडक ऊन द्या, गठ्ठे झालेला कापूस पिंजून घ्या.

आणि तुमची झोप

निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाज 45 डेसिबलच्या आत असावा असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. जोराचं घोरणं याच्या बरंच वर जातं, तेही तुमच्या कानापासून हातभर अंतरावर. तेव्हा तुमची तक्रार लाडाची नाही. फोमचे कानातले बोळे वापरा, फक्त तान्हं बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर विचार करून. पंख्याचा एकसारखा आवाजही मदत करतो. शक्य असेल तर त्यांच्या अर्धा तास आधी झोपून घ्या.

तरीही डोळ्याला डोळा लागत नसेल तर काही रात्री वेगळं झोपायला हरकत नाही. दोन खोल्यांच्या घरात बायको हॉलमध्ये झोपली की सासूबाईंना काळजी वाटते आणि पाहुण्यांना प्रश्न पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांना कारण आधीच सांगून टाका. झोपेसाठी केलेली सोय म्हणजे भांडण नव्हे. जागा नसेल तर एका डबल गादीऐवजी दोन सिंगल गाद्या घ्या, म्हणजे निदान कूस बदलण्याचे हादरे तरी पोचत नाहीत.

उतरती उशी घ्यायची असेल तर झोपणाऱ्यालाच दुकानात घेऊन या. आडवं करून उंची बघूनच आम्ही देतो. आठवडाभर वापरून फरक वाटला नाही तर उशी परत आणा, पैसे परत मिळतील. श्वास थांबत असल्याचं तुम्ही सांगितलंत, तर तपासणी होईपर्यंत घोरण्यासाठी म्हणून आम्ही उशी विकणार नाही.