शुभवर्तमान-चिंतन

शुभवर्तमान-चिंतन : मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांपैकी (येशूचे जीवन आणि शिकवण सांगणाऱ्या बायबलमधील ग्रंथांपैकी) त्या दिवसासाठी नेमलेला उतारा वाचून त्याच्या उजेडात स्वतःचे जगणे तपासण्याची ख्रिस्ती साधना. ती घरी एकट्याने करता येते, गटात बसून करता येते, उपासनेतल्या प्रवचनातून ऐकता येते आणि लिहूनही ठेवता येते. मूळ ग्रीक पाठ, लेखनकाळ, ऐतिहासिक पार्श्वभूमी यांची छाननी करणारे भाष्य वेगळे आणि चिंतन वेगळे. उताऱ्यात काय म्हटले आहे, इथे भाष्यकार थांबला तरी चालते. चिंतन करणाऱ्याला मात्र ‘यात माझ्यासाठी काय आहे’ इथपर्यंत यावेच लागते. पहिला प्रश्न गाळून थेट दुसऱ्याकडे गेले की उताऱ्यात नसलेलेच त्यात सापडू लागते, आणि हे वारंवार घडते.

या साधनेचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. बहुतेक परंपरांत उतारा वाचक निवडत नाही. उपासनेची दिनदर्शिका तो ठरवून देते. मन खचलेले असताना धीर देणारे वचन शोधण्याची सवय अनेकांना असते आणि तीत गैर काही नाही. पण नेमलेला उतारा वाचकाची मनःस्थिती विचारत नाही. भावाशी अबोला धरला असेल त्याच दिवशी तो ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करायला सांगतो. आवडीचे तेवढेच वाचण्याची पळवाट बंद होते, आणि चिंतनाचा खरा कस इथे लागतो.

वाचनांची मांडणी

कॅथलिक चर्चची सध्याची वाचनमाला १९६९ मध्ये आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात बायबलचे भांडार भाविकांसाठी अधिक उदारपणे खुले करण्यास सांगितले होते, त्याचे हे फळ. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे : ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक. योहानाला स्वतःचे वर्ष नाही. तो मुख्यतः उपवासकाळात (ईस्टरपूर्वी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढे) वाचला जातो. शिवाय मार्कचे शुभवर्तमान सर्वांत छोटे असल्याने ‘ब’ वर्षी पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय, म्हणजे भाकरीचे प्रवचन, येतो. कोणते वर्ष चालू आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ज्या सनाला तीनने भाग जातो ते ‘क’ वर्ष. त्यामुळे २०२५ हे ‘क’ आणि २०२६ हे ‘अ’. फक्त उपासनावर्ष जानेवारीत नव्हे, तर आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते, एवढे ध्यानात ठेवायचे.

सामान्यकाळात, म्हणजे मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांत, इतर दिवशी पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्राने बदलते, पण शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. सामान्यकाळाच्या १ ते ९ आठवड्यांत मार्क, १० ते २१ मध्ये मत्तय आणि २२ ते ३४ मध्ये लूक. रोज चिंतन करणाऱ्याला त्यामुळे तोच उतारा वर्षामागून वर्षे भेटत राहतो. जुनी वही उघडली तर उतारा तोच, पण त्याखाली लिहिलेले वेगळे, असे दिसते. नावीन्याच्या हौसेला हे कंटाळवाणे वाटेल. साधनेच्या दृष्टीने मात्र ही पुनरावृत्तीच मोलाची.

अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या १९९२ ची सुधारित सामाईक वाचनमाला वापरतात. तिचा सांगाडाही याच तीन वर्षांच्या चक्राचा आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत चक्र एका वर्षाचे. पुनरुत्थानाच्या सणाला योहानाच्या पहिल्या अध्यायाने आरंभ होतो, पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) सणानंतर मत्तय आणि सप्टेंबरातील क्रूसाच्या सणानंतर लूक येतो. उपवासकाळातले शनिवार-रविवार प्रामुख्याने मार्ककडे असतात.

इतिहास

उतारा वाचून त्यावर बोलण्याची रीत यहुदी सभास्थानातून आली. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी उघडतो, वाचतो, ती परत देतो, खाली बसतो आणि हे वचन ‘आज’ पूर्ण झाले आहे असे सांगतो. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. वेळ असेल तोपर्यंत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात; मग सभेचा प्रमुख, ऐकले त्याप्रमाणे वागा, असे आवाहन करी. आजच्या मिस्सेतल्या (कॅथलिक उपासनेतल्या) वाचन-प्रवचनाचा क्रम मुळात तोच आहे.

चौथ्या ते सहाव्या शतकांत प्रवचन हे चिंतनाचे मुख्य रूप झाले. संत ऑगस्टिन यांची योहानावरील १२४, संत जॉन क्रिसोस्तोम यांची मत्तयावरील ९० आणि पोप ग्रेगरी पहिले यांची शुभवर्तमानांवरील ४० प्रवचने उपलब्ध आहेत. यांपैकी क्रिसोस्तोम रोजच्या जीवनाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे. येत्या रविवारी वाचला जाणारा भाग आधीच घरी वाचून या, असे ते श्रोत्यांना बजावत. ‘मी संन्यासी नाही, मला बायको-मुले आहेत, घर सांभाळायचे आहे’ ही सबब त्यांच्याही कानावर येत असे. त्यांचे उत्तर असे की, संसारात राहणाऱ्यालाच रोज घाव बसतात, तेव्हा औषधाची गरज त्यालाच जास्त.

एका वाचनाने माणूस उलटापालटा झाल्याच्या कथा या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. इजिप्तमधील संत अंतोनी चर्चमध्ये शिरले तेव्हा ‘जा, तुझे असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे’ हे मत्तयातील वाक्य वाचले जात होते. अथनासियस यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार त्यांनी ते आपल्यालाच सांगितले आहे असे धरले आणि वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या बाबतीत १२०८ च्या सुमारास शिष्यांना पाठवण्याचा उतारा, म्हणजे सोने-रुपे, झोळी, जोडा काही घेऊ नका हा आदेश, निर्णायक ठरला. दोघांनीही तो उतारा शोधला नव्हता. तो त्या दिवशी वाचला गेला एवढेच.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठवासीयांसाठी हाताचे काम आणि पवित्र वाचन यांचे तास वाटून दिले आहेत. हे वाचन पुढे ‘लेक्सिओ दिविना’ या नावाने ओळखले गेले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर बायबल लोकभाषांत मोठ्या प्रमाणावर छापले जाऊ लागले आणि घरातले कौटुंबिक वाचन प्रोटेस्टंट जीवनाचा कणा बनले. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन या प्रोटेस्टंट समाजाने रोजच्या वचनांची छापील पुस्तिका १७३१ सालासाठी प्रथम काढली. ती आजही दरवर्षी निघते. कॅथलिक बाजूला सर्वसामान्यांच्या हाती बायबल देण्याचा जोर बराच उशिरा, १९६५ च्या ‘देई व्हर्बुम’ या परिषद-दस्तऐवजानंतर आला.

पद्धती

बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती गीगो दुसरे यांनी चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेने चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असे ते म्हणतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० मध्ये यापुढे कृतीचाही उल्लेख केला : वाचनाचा शेवट दुसऱ्यांसाठी जगण्यात व्हायला हवा.

संत इग्नाती लोयोला यांची वाट निराळी. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून ते अंथरुणाला खिळले. हाती पडली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. तीत प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून त्यात स्वतः शिरायचे असते. ख्रिस्तजन्माच्या ध्यानात ते विचारतात : नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद? सपाट की चढउतारांचा? गुहा किती मोठी, छत किती ठेंगणे? मग साधकाने तिथे एक गरीब चाकर होऊन उभे राहायचे आणि लागेल ते काम करायचे.

अशा वाचनात तपशील कसे बोलू लागतात, हे आंधळ्या बार्तिमयच्या उताऱ्यावरून (मार्क १०:४६–५२) दिसेल. यरीहोच्या वाटेकडेला बसलेला भिकारी ओरडतो, ‘दावीदपुत्रा येशू, माझ्यावर दया कर.’ लोक त्याला दटावून गप्प बसवू पाहतात. येशू थांबतो, पण स्वतः हाक मारत नाही. ‘त्याला बोलवा’ असे म्हणतो. ज्यांनी तोंड बंद करायला सांगितले त्यांच्याच तोंडून ‘धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतो आहे’ हे शब्द येतात. बार्तिमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे असा नियमशास्त्राचा दंडक होता, यावरून त्या वस्त्राचे मोल कळते. याच अध्यायात थोडे आधी एक धनवान माणूस आपली मालमत्ता सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून गेला आहे. येशू विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावे?’ हाच प्रश्न त्याने थोडे आधी याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना विचारला होता आणि त्यांनी उजव्या-डाव्या हाताच्या मानाच्या जागा मागितल्या होत्या. आंधळा फक्त दृष्टी मागतो. सुरुवातीला वाटेच्या कडेला असलेला हा माणूस शेवटी वाटेने येशूच्या मागे चालू लागतो.

इथवर वाचन झाले. चिंतन सुरू होते ते ‘या प्रसंगात मी कुठे?’ या प्रश्नाने. बहुतेक वाचक चटकन बार्तिमयच्या जागी जाऊन बसतात, कारण ती जागा सहानुभूतीची आहे. पण घरात, कचेरीत, सभेत कोणाला गप्प बसवणारा जमाव होण्याची वेळ माणसावर अधिक येते. आज मी कोणाचे बोलणे तोडले, हा प्रश्न त्या उताऱ्यातून सरळ निघतो, त्यासाठी ताणाताण करावी लागत नाही.

लिखित चिंतने

नियतकालिकांत आणि पुस्तिकांत येणाऱ्या चिंतनाचा साचा ठरलेला असतो : आधी व्यवहारातला प्रसंग, मग वचन, मग बोध आणि छोटी प्रार्थना. साचा वाईट नाही, पण त्यात प्रसंगच उताऱ्याला गिळून टाकतो. वाचकाला गोष्ट आठवते, शुभवर्तमान आठवत नाही. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक दाखल्याचे नीतिवचन करून टाकणे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) धाकटा परत आल्यावर रुसलेला मोठा भाऊ अखेर घरात गेला की नाही, हे सांगितलेले नाही. बाप त्याची मनधरणी करत बाहेर उभा आहे आणि दाखला तिथेच तुटतो. चिंतनलेखक मात्र घाईने शेवट जोडून मोकळे होतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘एव्हान्जेली गॉदियुम’ या बोधपत्रात प्रवचनाच्या तयारीवर सविस्तर लिहिले आहे. उताऱ्यातले मला काय खटकते, कशात मला रस वाटत नाही आणि का, असे प्रश्न स्वतःला विचारावेत, असे ते सुचवतात. हा उतारा दुसऱ्यांना कसा लागू पडतो याचा विचार करून स्वतःची सुटका करून घेण्याच्या मोहाबद्दलही त्यांनी तिथेच सावध केले आहे. प्रवचन करणाऱ्यांना हा मोह धंद्याचाच भाग म्हणून जडतो.

सामूहिक चिंतन

दक्षिण आफ्रिकेतील लुमको संस्थेने तयार केलेली ‘सात पायऱ्यां’ची पद्धत छोट्या ख्रिस्ती समूहांत दूरवर पसरली. प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेले शब्द मोठ्याने म्हणणे, मौन, वाटणी, करायच्या कामाचा विचार आणि उत्स्फूर्त प्रार्थना असा तिचा क्रम. वाटणीच्या वेळी कोणी दुसऱ्याचे म्हणणे खोडायचे नाही, या नियमामुळे कमी शिकलेली माणसेही बोलती होतात. निकाराग्वातील सोलेन्तिनामे बेटांवर एर्नेस्तो कार्देनाल या कवी-धर्मगुरूंनी प्रवचनाऐवजी शेतकरी आणि मच्छीमार यांच्याशी उताऱ्यावर संवाद सुरू केला. हुकूमशाहीत जगणाऱ्या त्या लोकांना शुभवर्तमानातल्या जुलमी राजा हेरोदाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. १९७७ मध्ये हुकूमशहा सोमोसाच्या राष्ट्रीय रक्षकदलाने तो समाज उद्ध्वस्त केला.

वाचनातले धोके

रूपकांचा अतिरेक हा जुना दोष. ऑगस्टिन यांनी चांगल्या शोमरोन्याच्या (लुटल्या गेलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या) दाखल्यातील जखमी मनुष्य म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, उतारशाळा म्हणजे चर्च आणि तिचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल असा अर्थ लावला. रचना चकित करणारी आहे, पण तिच्यात रस्त्यावर पडलेला खराखुरा माणूस दिसेनासा होतो.

याहून गंभीर धोका यहुदी लोकांच्या चित्रणाचा. येशूच्या दुःखसहनाच्या आणि मृत्यूच्या वाचनांवरून सबंध यहुदी समाजाला दोषी ठरवणारी प्रवचने शतकानुशतके झाली आणि त्यांची किंमत त्या समाजाने जिवाने मोजली. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या निवेदनाने जाहीर केले. १९८५ मध्ये व्हॅटिकनने प्रवचन आणि धर्मशिक्षणासाठी काढलेल्या सूचनापत्रात परुश्यांविषयी (येशूच्या काळातील नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाविषयी) स्वतंत्र विवेचन आहे : पुनरुत्थानावरील विश्वास, दान-प्रार्थना-उपवास यांचे महत्त्व अशा गोष्टींत येशू त्यांच्या जवळचा होता. लूकच्या शुभवर्तमानात तो तीनदा परुश्यांच्या घरी जेवायला जातो, आणि हेरोद तुला ठार मारायला पाहतो, इथून निघून जा, असे त्याला सांगायला येतात तेही परुशीच (१३:३१). हे उतारे दर वर्षी वाचले जात असूनही चिंतनलेखनात ‘परुशी’ हा शब्द ढोंग्यासाठी अजून सर्रास वापरला जातो.