टारबॉल आले कुठून? दोन हजार सिम्युलेशनचा माग

पावसाळा जवळ आला की गोव्याच्या किनाऱ्यावर टारबॉल येऊ लागतात. कळंगुट असो वा कोलवा, वाळूत काळे चिकट गोळे दिसतात. पर्यटकांच्या तळव्यांना डाग पडतात, रापणकारांची जाळी बरबटतात. समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचा हलका भाग उडून जातो, उरलेले जड तेल पाण्याशी घुसळून घट्ट होते आणि त्याचे हे गोळे बनतात. तेल नेमके सांडले कुठे, हा मग दरवर्षीचा वाद. ‘एवढे मोठे कॉम्प्युटर आहेत, त्यांना विचारा’ असे कोणीतरी म्हणतेच.

विचारता येते. पण एका गणिताने भागत नाही. तरंगणारे तेल प्रवाहाबरोबर वाहते, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण 3 टक्के वेगाने वारा त्याला ढकलतो. याखेरीज समुद्रात असंख्य छोटे भोवरे असतात आणि ते कोणत्याच नोंदीत सापडत नाहीत. म्हणून सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या तेलाच्या प्रवासाच्या नकलेत, तेलाच्या प्रत्येक कणाला पावलोपावली एक यादृच्छिक, म्हणजे फासे टाकून ठरवल्यासारखा, धक्का द्यावा लागतो. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी रुजवलेली माँटे कार्लो पद्धत ती हीच. तिची किंमत मात्र जबर आहे: उत्तरातली अनिश्चितता निम्मी करायची तर कण चौपट सोडावे लागतात.

समजा, तेल सांडले असू शकेल अशी अरबी समुद्रातली 40 ठिकाणे आणि 50 तारखा तपासायच्या आहेत. म्हणजे 2000 सिम्युलेशन. प्रत्येकाला सरासरी 3 तास धरले तर एका यंत्रावर 6000 तास, म्हणजे 250 दिवस. पण यातले कोणतेही काम दुसऱ्यावर अवलंबून नाही, आणि इथेच क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या कॉम्प्युटरची, बॅच सेवा कामी येते: ती कामांचा गठ्ठा घेऊन अनेक यंत्रांवर वाटते. ॲमेझॉनच्या अशा सेवेत एकाच आज्ञेने 10,000 पर्यंत कामांचा गठ्ठा रांगेत लावता येतो. प्रत्येक कामाला शून्यापासून क्रमांक मिळतो. क्रमांक 735 आला की प्रोग्राम त्याला 50 ने भागतो: भागाकार 14 हे ठिकाण, बाकी 35 ही तारीख. यादृच्छिक आकड्यांची सुरुवातही त्या क्रमांकावरून करायची, नाहीतर दोन हजार ठिकाणी तेच ते धक्के बसतील.

क्लाउडवर नेले की प्रोग्राम वेगाने पळतो, असा प्रचार होतो. तो चुकीचा आहे. तीन तासांचे सिम्युलेशन तिथेही साधारण तेवढाच वेळ घेते. फक्त अनेक कामे शेजारी शेजारी चालतात.

आता पैशांचे. पावसाळ्यात गोव्यातली हॉटेले रिकाम्या खोल्या स्वस्तात देतात, तशी क्लाउड कंपन्या रिकामी यंत्रे देतात, कधी कधी नव्वद टक्क्यांपर्यंत सवलतीने. अट एकच: जास्त भाडे देणारा आला की यंत्र काढून घेणार. ॲमेझॉन दोन मिनिटे आधी सांगते, गुगल 30 सेकंद. अडीच तास चाललेले काम अशा वेळी पाण्यात जाऊ नये म्हणून चेकपॉइंट लागतो, आणि या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग.

चेकपॉइंट म्हणजे चालत्या सिम्युलेशनची पूर्ण अवस्था यंत्राबाहेरच्या साठ्यात लिहून ठेवणे. पूर्ण म्हणजे खरोखर पूर्ण. कणांच्या जागा आणि घड्याळ एवढे पुरत नाही. यादृच्छिक आकडे देणाऱ्या यंत्रणेची त्या क्षणाची स्थितीही हवी. ती राहिली आणि यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर कणांना जुनेच धक्के दुसऱ्यांदा बसतात आणि कोणतीही चूक न दाखवता उत्तर बिघडते. शिवाय लिहिता लिहिताच यंत्र जाऊ शकते. म्हणून नवी फाइल वेगळ्या नावाने लिहायची, ती पूर्ण झाल्याची खात्री करायची आणि मगच जुनी सोडायची.

हे किती वेळाने करायचे? जॉन यंग यांनी 1974 मध्ये यासाठी सूत्र दिले: जतन करायला लागणारा वेळ गुणिले दोन व्यत्ययांमधला सरासरी काळ, त्याची दुप्पट, आणि तिचे वर्गमूळ. जतन करायला 1 मिनिट आणि व्यत्यय सरासरी 200 मिनिटांनी येत असेल, तर 400 चे वर्गमूळ, म्हणजे 20 मिनिटे. दर 20 मिनिटांत एक मिनिट जतनाला, म्हणजे 5 टक्के. व्यत्यय आला की सरासरी 10 मिनिटांचे काम बुडते, दर 200 मिनिटांमागे, म्हणजे पुन्हा 5 टक्के. दोन्ही तोटे बरोबरीला येतात तिथेच एकूण तोटा सर्वांत कमी असतो. दर 5 मिनिटांनी जतन केले तर जतनालाच 20 टक्के जातील. 100 मिनिटांनी केले तर बुडीत 25 टक्क्यांवर जाईल.

चेकपॉइंटमुळे पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उत्तर वाचते. लांबून येणाऱ्या तेलाचे सिम्युलेशन जास्त दिवसांचे, म्हणून ते जास्त वेळ चालते. आणि जास्त वेळ चालणाऱ्या कामाला व्यत्ययही जास्त गाठतात. चेकपॉइंट नसेल आणि फक्त पूर्ण झालेली कामे मोजली, तर दूरची ठिकाणे हिशेबातून गळतात आणि दोष जवळच्या समुद्रावर येतो. तेल कुठून आले असावे याचा नकाशा रंगवण्याआधी 2000 पैकी किती कामे पूर्ण झाली आणि न झालेली कोणत्या ठिकाणांची होती, हे पाहावेच लागते. यंत्र काढून घेतल्यामुळे थांबलेली कामे पुन्हा रांगेत लावायची. प्रोग्राममधल्या चुकीने बंद पडलेली मात्र लावायची नाहीत, कारण ती दहा वेळा चालवली तरी दहाही वेळा तिथेच पडतील आणि भाडे मात्र द्यावे लागेल.