ट्रिल वरच्या स्वरापासूनच का?

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख ऐकायला लागलं की एक गोष्ट सारखी कानावर पडते, दोन शेजारचे स्वर भराभर आलटून पालटून वाजतात, त्याला ट्रिल म्हणतात, आणि मुरक्या-खटके ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ती गोडव्यासाठी घेतलेली हरकत वाटते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, आतून कसा चालतो ते कळलं आणि मग ट्रिल मला वेगळीच ऐकू यायला लागली.

हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या देठाची छोटी नखी तार छेडते. तुम्ही हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच येतो आणि लगेच विरायलाही लागतो. म्हणजे एखाद्या स्वरावर वजन द्यायचं असेल तर बोटाच्या जोराने ते होतच नाही. मग काय करायचं, तर तो स्वर पुन्हा पुन्हा छेडायचा म्हणजे तो टिकतो, आणि सुरुवात वरच्या शेजारी स्वरापासून करायची, तीही बरोबर मात्रेवर. समजा खाली प-नी-रे अशी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजतेय आणि वरती नी वर ट्रिल आहे. ती सा पासून सुरू झाली की तो सा कॉर्डमध्ये बसत नाही, नी ला घासतो, कानाला टोचतो, आणि मग नी वर उतरला की मोकळं वाटतं. आवाज न वाढवता वजन मिळालं! बाखने 1720 साली आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी वही सुरू केली, तिच्यात अलंकारांचा तक्ता आहे आणि त्यात ट्रिल वरच्या स्वरापासूनच लिहून दाखवलीय.

आता वेगाचं बघा, मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. क्वांट्झ हा प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बासरीचा गुरू, त्याने 1752 च्या पुस्तकात लिहिलंय की मोठ्या, घुमणाऱ्या जागेत ट्रिल जरा संथ घ्या, लहान खोलीत जलद चालेल. साधा हिशोब आहे, दगडी चर्चमध्ये स्वर दोन सेकंद रेंगाळत असेल आणि तुम्ही सेकंदाला दहा स्वर वाजवताय, तर कमी-जास्त जोराचे वीसेक स्वर एकाच वेळी हवेत असणार, मग ट्रिल कसली, नुसता गलका.

खोलीसारखाच कानही घुमतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 मध्ये दाखवलं की सेकंदाला दहा स्वरांची ट्रिल वरच्या सप्तकांत स्वच्छ ऐकू येते, पण साधारण 110 हर्ट्झच्या खाली गेलात की कुठल्याही वाद्यावर ती खरखरीत आणि गढूळ होते, कारण खर्जाला प्रतिसाद देणारा कानातला भाग पटकन थांबत नाही, आधीचा स्वर तिथे थरथरत असतानाच पुढचा येऊन धडकतो.

आणि दोन स्वरांतलं अंतर? 1950 मध्ये मिलर आणि हाइज या संशोधकांनी लोकांना सेकंदाला दहाच्या आसपास वेगाने दोन स्वर आलटून पालटून ऐकवले. कंपनसंख्येतला फरक साधारण 15 टक्क्यांच्या आत असेपर्यंत एकच स्वर वरखाली हलतोय असं वाटतं, त्याच्या पलीकडे गेलं की ते फुटून दोन वेगळे, तुटक स्वर ऐकू येतात. सा-रे मधला फरक सुमारे 12 टक्के, सा आणि कोमल ग मधला सुमारे 19! क्वांट्झने तर दोनशे वर्षं आधीच शेजारच्या रे ऐवजी ग वरून सा वर घेतलेली अशी ट्रिल टाळायला सांगितलं होतं, नुसत्या कानाच्या भरवशावर.

पुढे पियानो आला, त्यात हातोडी तारेवर आपटते आणि बोटाचा जोर थेट आवाजात उतरतो. मग वजनासाठी वरच्या स्वराची गरज उरली नाही, आणि 1828 मध्ये पियानोवादक हुमेलने आपल्या पियानोच्या पुस्तकात ट्रिल मूळ स्वरापासून सुरू करायला सांगितलं. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स या रचनेची सुरुवातीची आरिया, म्हणजे तिची मूळ चाल, एकदा हार्प्सिकॉर्डवर आणि लगेच पियानोवर ऐका, अलंकार तेच आहेत, पण हार्प्सिकॉर्डवर त्यांच्याशिवाय चाल उभीच राहत नाही.